पुदिना गवती चहासारखा उकळू नका: कुंडीपासून कपापर्यंतच्या चुका

आपल्या घरांत चहात घालायची पाती म्हणजे गवती चहा. आधण ठेवायचं, आलं ठेचून टाकायचं, दोन-तीन पात्यांची गाठ मारून सोडायची आणि खळखळून उकळू द्यायचं. त्या चिवट पातीला ते मानवतं. हाताला तीच सवय असल्यामुळे पुदिनाही सुरुवातीलाच आधणात पडतो आणि चहाला उकडलेल्या पालेभाजीचा वास येतो. मीही कित्येक महिने असाच चहा करत होते आणि दोष मात्र कुंडीतल्या रोपाला देत होते.

पुदिन्याचा सुवास पानावरच्या अगदी बारीक ग्रंथींमधल्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणून पाणी उकळलं की आधी गॅस बंद करा. मग कपामागे आठ-दहा पानं हातानं किंचित चुरडून टाका आणि लगेच झाकण ठेवा. पाच ते सात मिनिटं पुरतात. झाकणाला आतून जमलेले थेंब पुन्हा भांड्यातच झटका, त्यांच्याबरोबर सुवासही परत येतो. दुधाचा चहा असेल तर तो नेहमीसारखा उकळून घ्या, पुदिना मात्र गॅस बंद केल्यावरच. आणि लिंबू पिळणार असाल तर दूध नको, फाटेल.

आता लागवडीकडे. बियांच्या मागे लागू नका. बियांचं रोप मूळ झाडासारखं निघेलच असं नाही. मंडईतून ताजी जुडी आणा, त्यातल्या जाडसर, ताठ काड्या निवडा आणि खालची पानं काढून ग्लासात ठेवा. पाण्यात फक्त पेरं, म्हणजे पानं फुटतात ते काडीचे सांधे, बुडाली पाहिजेत. पानं बुडाली की ती सडतात, पाण्याला वास येतो आणि काडी काळी पडते. पाणी दिवसाआड बदललं तर साधारण आठ-दहा दिवसांत पेरांतून पांढरी मुळं फुटतात. ती इंचभर झाली की काड्या मातीत लावा.

कुंडी खोल नको, पसरट हवी. पुदिना आडवा धावतो, मातीखालून फांद्या सोडत. सात-आठ इंच खोलीचा टबही चालतो, तळाला भोकं मात्र हवीत. तुळशीच्या कुंडीत जागा दिसते म्हणून तिथे पुदिना खोचू नका, तो थोड्याच दिवसांत तुळशीच्या मुळांवर चढतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: वर्षभर भरभरून आला, आता नुसत्या काड्या उरल्यात. मग लोक खत वाढवतात. खरं तर त्या वेळी मातीत खताला जागाच उरलेली नसते. कुंडी उलटी करून पाहा, मुळांचा घट्ट गोळा बाहेर येईल. मधला लाकडासारखा झालेला भाग टाकून द्या. कडेच्या पांढऱ्या, रसरशीत धावत्या फांद्यांचे चार-चार इंचांचे तुकडे करा, नवी माती आणि शेणखत मिसळून त्यात आडवे ठेवा आणि वर इंच-दीड इंच माती पसरा. मी हे काम पावसाळ्याच्या तोंडावर करते. तेव्हा हवेत ओल असते आणि कोवळे फुटवे उन्हानं मरत नाहीत.

खुडण्यातही चूक होते. खालची पानं एकेक करून तोडली की खाली उघडी काडी राहते. त्याऐवजी पानांच्या जोडीच्या अगदी वर शेंडा खुडा, तिथून दोन फुटवे येतील. कळ्या दिसल्या तर त्याही काढा. फुलावर आलेल्या पुदिन्याची पानं बारीक आणि उग्र होतात.

पानं पिवळी पडली तर पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहा. बहुतेक वेळा आत चिखल असतो. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. सगळी झुडुपं मातीलगत कापा आणि तो पाला कंपोस्टमध्ये न टाकता फेकून द्या. एप्रिल-मेमध्ये पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळी आली तर लाल कोळी ही अगदी बारीक कीड आहे. पानांच्या खालच्या बाजूवर दोन-तीन दिवस पाण्याचा जोराचा फवारा मारा. दुपारचं ऊनही टाळा, सकाळचं तीन-चार तास भरपूर झालं.

पानं साठवायची असतील तर ती उन्हात वाळवू नका, रंग आणि सुवास दोन्ही जातात. सावलीत कापडावर पसरा, कुरकुरीत झाली की अख्खीच बरणीत भरा आणि चहा करतानाच चुरडा.

एक गोष्ट आरोग्याची. पित्तावर पुदिना चांगला असं आपण सहज सांगतो. पण ज्यांना जेवणानंतर छातीत जळजळ होते, आंबट पाणी वर येतं, त्यांचा त्रास पुदिन्यानं वाढू शकतो, कारण त्यानं अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो. आमच्या घरात अशा एका माणसाच्या रात्रीच्या कपात आता गवती चहा असतो, आणि तो अर्थातच खळखळून उकळलेला.