गावात रात्रीची गस्त कशी लावावी

आधी पोलीस ठाण्यात जा. बीट अंमलदाराला, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, भेटून गस्तीच्या दलातल्या सगळ्यांची नावं आणि मोबाइल नंबर लेखी द्या. पोलीस पाटलांनाही सोबत घ्या.

एका पाळीला चौघं पुरतात. रात्री ११ ते २ एक पाळी, २ ते ५ दुसरी. दुसऱ्या पाळीलाच डोळा लागतो, म्हणून तिथे दोघं तरी जागरणाची सवय असलेले ठेवा. प्रत्येकाकडे बॅटरी, शिट्टी, काठी आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट असू द्या. अंधारात आपलीच माणसं चोर समजली जातात. फेरीची वेळ आणि वाट रोज बदला. ठरलेल्या वेळी शिट्टी वाजली की चोराला मधला मोकळा वेळ आयता कळतो. कुलूपबंद घरांची यादी जवळ ठेवा, पण ती व्हॉट्सॲपवर कधीही टाकू नका.

अनोळखी माणूस दिसला तर दोन पावलं लांब थांबून नाव-गाव विचारा. संशय वाटला तर ११२ लावा. डोळ्यांदेखत चोरी करताना कुणी सापडला तर धरता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. बांधणं, मारणं, व्हिडिओ काढणं साफ बंद. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात निव्वळ अफवेवरून पाच निरपराध माणसं जमावानं ठार मारली. गर्दी जमू लागली की दोघांनी त्या माणसाला शाळेत किंवा ग्रामपंचायतीत आत बसवावं, दोघांनी दार धरावं.