सोसायटीत बेडकांच्या गोष्टींची संध्याकाळ कशी घ्याल

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार धरा. पुढे गणपती जवळ आले की मुलं नाचाच्या प्रॅक्टिसला जातात आणि तुमच्याकडे फक्त आज्या उरतात. जागा म्हणून क्लबहाऊस नको. एसी लावून, काचा बंद करून बेडकांच्या गोष्टी सांगणं मला पटत नाही. खालचं पार्किंग घ्या, दोन गाड्या हलवायला लावा, सतरंज्या टाका. पाऊस ऐकू आला पाहिजे. सेक्रेटरींना मात्र आधीच सांगून ठेवा की आवाज होणार आहे, आणि तो मुद्दाम करायचा आहे.

आम्ही गोरेगाव पूर्वेला आरेच्या जंगलाच्या कडेला राहतो, त्यामुळे आम्हाला खऱ्या बेडकांची साथ मिळते. तुम्ही परळच्या टॉवरमध्ये असलात तरी रेकॉर्डिंग लावू नका. मुलांचे गळे पुरतात.

सुरुवात गोष्टीने करू नका, आवाजाने करा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३वं सूक्त बेडकांचं आहे. वर्षभर व्रत धरून गप्प बसलेले बेडूक पाऊस येताच बोलू लागतात. एकाचा आवाज गाईसारखा, एकाचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. आणि गुरूमागे शिष्याने घोकावं तसं एक बोलला की दुसरा तेच म्हणतो. यातच खेळ तयार आहे. डावीकडचे हंबरणारे, उजवीकडचे बें बें करणारे, मधले घोकणारे. संस्कृत म्हणून दाखवायच्या मोहात पडू नका, पोरं पांगतात.

मग लगेच ग्रीकांकडे जा. इसवी सनापूर्वी ४०५ मध्ये अथेन्सला ॲरिस्टोफेनिसचं नाटक झालं. त्यात डायोनिसस हा देव पाताळात जायला होडी वल्हवतो आणि तळ्यातले बेडूक त्याला छळतात: ब्रेकेकेकेक्स कोआक्स कोआक्स! तो वैतागून त्यांच्यापेक्षा मोठ्याने तेच ओरडतो आणि त्यांना गप्प करतो. एका मुलाला देव करा, हातात झाडू वल्ह्यासारखा द्या, बाकी सगळे बेडूक. दहा मिनिटं कुणी तुमचं ऐकणार नाही. ऐकू नये.

घसे बसले की मोठी गोष्ट. माझी निवड ठरलेली आहे: महाभारताच्या वनपर्वातली सुशोभना. अयोध्येचा राजा परीक्षित (हा अभिमन्यूचा मुलगा नव्हे, कुणी आजोबा मध्येच टोकतीलच, म्हणून आधी सांगून टाका) रानात एका मुलीच्या प्रेमात पडतो. ती अट घालते, मला पाणी दाखवायचं नाही. इथे थांबा. मुलांना विचारा, जुलैत मुंबईत ही अट कशी पाळाल? आमच्याकडे एकाने सांगितलं होतं, तिला हिंदमाताला (पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध चौक) न्यायचं नाही. राजाचा प्रधान तिच्यासाठी बिनपाण्याची बाग करवतो, पण त्या बागेतच एक विहीर लपलेली असते. राजा तिला म्हणतो, उतर. ती उतरते ती वर येतच नाही. पाणी उपसलं तर तळाशी एक बेडूक. राजा चिडून राज्यातले सगळे बेडूक मारायला निघतो, तेव्हा बेडकांचा राजा आयू तपस्व्याच्या वेषात येऊन सांगतो, ती माझी मुलगी, तिने याआधीही राजांना असंच फसवलंय. ती बेडकी आहे हे आयूच्या तोंडूनच कळू द्या. कुणी आधी ओळखलं तर नुसतं हसा.

पंचतंत्रातला गंगदत्त दहा वर्षांच्या वरच्यांसाठी ठेवा. भाऊबंदांचा सूड घ्यायला तो सापाला विहिरीत आणतो, आणि साप शेवटी त्याच्या मुलालाही खातो. सोसायटीच्या निवडणुकीच्या आसपास ही गोष्ट टाळा. कमिटी मनाला लावून घेते.

राजकुमार झालेला बेडूक कुणीतरी मागतंच. सांगा, पण ग्रिम बंधूंची १८१२ची सांगा: त्यात पापा नाही, राजकन्या बेडकाला उचलून भिंतीवर आपटते. मुलींना हीच जास्त आवडते.

भज्यांच्या वेळी मोठ्यांना बोलतं करा. मराठवाड्याकडचं कुणी असलं तर कडुलिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरणारी मुलं त्यांनी पाहिलेली असतात. काही गावांत सोबत बेडूकही असायचा. त्याला जोडून भोपाळची बातमी सांगा. २०१९च्या जुलैत तिथे पावसासाठी बेडकांचं लग्न लावलं, आणि सप्टेंबरमध्ये पाऊस थांबेना म्हणून त्यांचा घटस्फोट करवला. पोटगी कोण देणार यावर आमच्याकडच्या वकीलकाका आणि मुलांचं बराच वेळ जुंपलं.

जिवंत बेडूक कार्यक्रमासाठी आणू नका, कुणी हौसेने डब्यात घालून आणला तर डबा लगेच उघडायला लावा. बेडकाची कातडी बाहेरचं शोषून घेते, म्हणून सॅनिटायझर, ओडोमॉस लावलेला हात त्याला लावायचा नाही. उचलायचाच झाला तर हात साध्या पाण्याने ओला करून, आणि जिथून आणला तिथेच सोडायचा, गच्चीवरच्या कुंडीत नाही. नंतर मुलांना साबणाने हात धुवायला लावा, मगच उरलेली भजी.