ओपन रिपॉझिटरीत नेमकं काय काय मिळतं आणि ते नीट कसं वापरायचं

"पेपरला पैसे मागतायत? मग रिपॉझिटरीत बघ, फुकट मिळेल." रिपॉझिटरी म्हणजे संशोधनाचे पेपर आणि इतर साहित्य सगळ्यांसाठी खुलं ठेवणारा ऑनलाइन साठा, आणि तिच्याबद्दल बहुतेकांचा सल्ला इथेच संपतो आणि मला त्याचा खरंच वैताग येतो, कारण त्यात दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे तिथे पेपर सोडून कितीतरी माल पडलेला असतो: प्रबंध, डेटासेट, कोड, कॉन्फरन्सची पोस्टरं, स्लाइड, प्रश्नावल्या, मुलाखतींची लेखी रूपं, प्रयोगाची सविस्तर कृती, तांत्रिक अहवाल, फील्डवर्कचे फोटो आणि रेकॉर्डिंग. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हाताला लागलं ते नक्की काय आहे हेच ओळखता आलं नाही तर फुकट मिळूनही उपयोग नाही, उलट एखादा जुना, नंतर बदललेला आकडा तुमच्या लेखात जाऊन बसतो आणि तिथून पुढे दुसरे तो उचलतात.

आधी जागा निवडा

सगळं एकाच ठिकाणी नसतं. विषयाच्या रिपॉझिटरी वेगळ्या: फिजिक्स, गणित, कम्प्युटर सायन्ससाठी आर्काइव्ह (arXiv), जी पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केली, जीवशास्त्रासाठी २०१३ पासून बायोआर्काइव्ह, वैद्यकीय संशोधनासाठी २०१९ पासून मेडआर्काइव्ह. विद्यापीठांच्या स्वतःच्या रिपॉझिटरी वेगळ्या, त्यातल्या बऱ्याच डीस्पेस नाहीतर ईप्रिंट्स या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामुळे एकीची सवय झाली की बाकीच्या ओळखीच्याच वाटतात. आणि काहीही ठेवता येईल अशा सर्वसाधारण जागा वेगळ्या, म्हणजे झेनोडो, फिगशेअर, ओएसएफ. फक्त डेटा हवा असेल तर ड्रायड किंवा डेटाव्हर्स.

कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर बेस आणि कोअर ही दोन सर्च इंजिनं हजारो रिपॉझिटरी एकदम चाळतात. डेटाच्या रिपॉझिटरीची यादी हवी असेल तर रीथ्रीडेटा. नेहमीच्या सर्च इंजिनवर अडून राहू नका, तिथे पेपर वर येतात आणि पोस्टर, डेटा, कोड खाली कुठेतरी गाडले जातात. शोध टाकल्यावर प्रकाराचा फिल्टर लावा, एवढं केलं तरी निम्मा कचरा जातो.

पीडीएफवर उडी मारू नका, रेकॉर्डचं पान वाचा

प्रत्येक वस्तूला एक पान असतं, त्यावर शीर्षक, लेखक, तारखा, प्रकार, लायसन्स आणि इतर वस्तूंशी असलेलं नातं लिहिलेलं असतं. हाच मेटाडेटा. (झेनोडोला नाव मिळालंय ते झेनोडोटसवरून, अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल, आणि मेटाडेटाचा पहिला ज्ञात वापर त्याच्या नावावर सांगतात.) लोक सर्चमधून थेट पीडीएफ उघडतात आणि या पानाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण "हा डेटासेट अमुक पेपरसोबतचा आहे", "याची नवी आवृत्ती आली आहे", "हे काम मागे घेतलं आहे" ही वाक्यं याच पानावर असतात, पीडीएफमध्ये बहुतेक वेळा नसतात.

आता खरी अडचण: कोणती आवृत्ती हातात आहे

सुरुवातीला मलाही सगळ्यात जड गेलं ते हेच, आणि आजही नवीन लोक इथेच गडबडतात, म्हणून इथे जरा थांबूया.

एकाच पेपरची तीन रूपं एकाच वेळी नेटवर फिरत असतात. पहिलं प्रीप्रिंट, म्हणजे लेखकाने पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून होणारी तपासणी) व्हायच्या आधी टाकलेलं. दुसरं स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे रिव्ह्यू झाला, दुरुस्त्या झाल्या, जर्नलने, म्हणजे शोधपत्रिकेने, हो म्हटलं, पण जर्नलच्या छपाईचा साज अजून चढलेला नाही. तिसरं जर्नलने छापलेलं अंतिम रूप. २००८ मध्ये अमेरिकेच्या नायसो या मानक संस्थेने या सगळ्या टप्प्यांना नावं ठरवून दिली, पण रिपॉझिटरीत सामान टाकणारे सगळे ती वापरतातच असं नाही, कुणी नुसतं "आर्टिकल" लिहून मोकळा होतो. त्यामुळे ओळख आपल्यालाच पटवावी लागते.

दिसण्यावरून ठरवू नका, हे मी अगदी ठासून सांगतो. अनेक जर्नल आपला टेम्प्लेट लेखकांना आधीच देतात, त्यामुळे ज्याचा रिव्ह्यूसुद्धा सुरू झालेला नाही असं प्रीप्रिंटही दोन कॉलममध्ये, जर्नलच्याच फॉन्टमध्ये, झकास छापल्यासारखं दिसतं. उलट दुहेरी अंतर सोडलेलं, समासात ओळींचे नंबर असलेलं, आकृत्या सगळ्या शेवटी ढकललेल्या, असं कंटाळवाणं दिसणारं हस्तलिखित रिव्ह्यूमधून व्यवस्थित पास झालेलं असू शकतं. दिसायला गरीब म्हणून ते बाजूला टाकू नका.

"डीओआय आहे म्हणजे छापून आलेला पेपर" हा दुसरा चुकीचा सल्ला. डीओआय हा फक्त कायमचा पत्ता आहे, दर्जाचं सर्टिफिकेट नाही. झेनोडोवर तुम्ही आज एक स्लाइड टाकली तरी तिला डीओआय मिळतो. आकड्याची सुरुवात बघा: १०.५२८१ ने सुरू होत असेल तर ते झेनोडोचं, १०.४८५५० असेल तर आर्काइव्हचं, म्हणजे जर्नलचं नाही. आर्काइव्हने आपले डीओआय २०२२ पासून द्यायला घेतले आणि जुन्या पेपरांनाही दिले, म्हणून डीओआय बघून गाफील राहू नका.

मग बघायचं काय? आर्काइव्हची पीडीएफ असेल तर पहिल्या पानाच्या डाव्या कडेला एक उभी ओळ छापलेली असते. समजा त्यात २३०१ ने सुरू होणारा नंबर आहे, तर ते २०२३ च्या जानेवारीत आलं. नंबर संपला की व्ही१, व्ही२, व्ही३ असं काहीतरी असतं, ती आवृत्ती, आणि त्याच ओळीत त्या आवृत्तीची तारीखही असते. शीर्षकाखाली लेखकाने टाकलेल्या तारखेवर मात्र भरवसा ठेवू नका, कारण काही जण तिथे "आजची तारीख" आपोआप यावी अशी कमांड टाकून ठेवतात आणि पीडीएफ पुन्हा तयार झाली की तारीखही बदलते. व्ही न लावता लिंक उघडली तर नेहमी सगळ्यात नवी आवृत्ती उघडते. म्हणजे तुम्ही मार्चमध्ये वाचलेलं आणि तुमच्या वाचकाला त्याच लिंकवर डिसेंबरमध्ये दिसणारं एकच असेल याची खात्री नाही, म्हणून संदर्भ देताना व्हीचा आकडा लिहायचाच.

विद्यापीठाच्या रिपॉझिटरीतून उतरवलेल्या फाइलला बरेचदा वर एक जोडपान असतं, त्यावर "ही अमुक जर्नलमध्ये स्वीकारलेली आवृत्ती आहे, छापील आवृत्ती इथे बघा" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लोक तेच पान स्क्रोल करून पुढे जातात! ते वाचा. आणि हे लक्षात ठेवा की हस्तलिखितातला पान क्रमांक जर्नलच्या पान क्रमांकाशी जुळत नाही, त्यात जोडपानामुळे अजून एकाने सरकतो. हस्तलिखितातून उतारा घेऊन जर्नलचा पान क्रमांक अंदाजे टाकणं हा प्रकार मी खूप बघितलाय, कृपा करून करू नका. पानाऐवजी प्रकरणाचं किंवा विभागाचं नाव द्या, ते कुठल्याही आवृत्तीत सापडतं.

आकडा वापरणार असाल तर अजून एक काम. प्रीप्रिंट एका खिडकीत आणि छापील पेपर दुसऱ्या खिडकीत उघडा, आणि चार जागा ताडून बघा: गोषवारा, नमुन्याची संख्या, निकालांचा मुख्य तक्ता, आणि मर्यादा सांगणारा भाग. रिव्ह्यूमध्ये बदल होतात ते याच जागी. "हे सिद्ध होतं" चं "असं सुचवलं जातं" झालेलं असतं, काही नोंदी वगळल्या म्हणून नमुना लहान झालेला असतो. छापील पेपरला पैसे मागत असतील तरी गोषवारा बहुतेक वेळा खुला असतो, निदान तेवढा तरी ताडा. आणि जाता जाता जर्नलच्या पानावर पेपर मागे घेतल्याची खूण नाही ना हेही बघा, कारण जर्नलने पेपर मागे घेतला तरी कुठल्यातरी रिपॉझिटरीतली प्रत जशीच्या तशी बसून राहू शकते. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ मध्ये क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेने घेऊन सगळ्यांसाठी खुला केला, म्हणजे तपासायला आता साधनही आहे.

प्रबंध, पोस्टर, कोड

प्रबंधाला कमी लेखणारे लोक मला कळत नाहीत. पेपरमध्ये एका परिच्छेदात उरकलेली पद्धत प्रबंधात अख्खं प्रकरण घेऊन येते, आणि परिशिष्टात मूळ प्रश्नावली, कच्चे तक्ते, फसलेले प्रयोग, सगळं असतं. शोधगंगासारख्या (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांची रिपॉझिटरी) ठिकाणी प्रबंध प्रकरणागणिक वेगवेगळ्या फाइलमध्ये तोडून ठेवलेले असतात, तिथे आधी शेवटच्या फाइल उघडा, मग प्रस्तावना.

पोस्टर आणि स्लाइड म्हणजे काम चालू असतानाचं चित्र, दिशा कळायला उत्तम, आकडा उचलायला नाही. कोड असेल तर नेमकी कोणती आवृत्ती पेपरला वापरली तेवढं बघा.

डेटासेट उघडताना

रीडमी फाइल पहिली, म्हणजे डेटासोबत ठेवलेली माहितीची फाइल. रीडमी नसेल, कॉलमचा अर्थ सांगणारी फाइलही नसेल, तर तो डेटा कितीही मोठा असला तरी मी सोडून देतो. कॉलममधला ९९ किंवा उणे ९९९ हा खरा आकडा आहे की "उत्तर मिळालं नाही" ची खूण, हे रीडमीशिवाय कळत नाही, आणि न बघता सरासरी काढली की निकाल भलतीकडेच जातो.

दुसरं, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला साध्या मजकुराचा तक्ता) डबल क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडू नका. आकड्यांपुढची शून्यं उडतात, आणि तारखेसारखं दिसणारं काहीही तारीख होऊन बसतं. हा त्रास एवढा वाढला होता की मार्च१, सेप्ट२ अशी नावं असलेली जनुकं स्प्रेडशीटमध्ये तारखा व्हायची, शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नावंच बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन२ अशी. म्हणून फाइल इम्पोर्ट करा, कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या, आणि मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये न छेडता ठेवा.

झेनोडोवर एका डेटासेटला दोन प्रकारचे डीओआय असतात, एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून, जो कायम नव्या आवृत्तीकडे नेतो, आणि एक प्रत्येक आवृत्तीचा स्वतःचा. तुम्ही ज्यावर हिशोब केला त्या आवृत्तीचाच डीओआय द्या. सगळ्यांचा मिळून असलेला दिला तर उद्या कुणी तुमचा हिशोब पडताळायला गेलं की त्याच्या हातात वेगळीच फाइल येईल.

लायसन्स बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका

वाचायला खुलं आणि वापरायला खुलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, वापराच्या परवानगीची ठरलेली लायसन्सं. सीसी बाय असेल तर श्रेय देऊन काहीही करा, अगदी भाषांतर करून टाका. एनसी असेल तर धंद्यासाठी नाही. एनडी असेल तर बदललेलं रूप प्रसिद्ध करायचं नाही, आणि भाषांतर हे बदललेलं रूपच धरलं जातं, तेव्हा कुणाचा एनडी लायसन्सचा लेख मराठीत आणून टाकायचा विचार असेल तर आधी परवानगी मागा. सीसी झिरो म्हणजे कसलीच अट नाही, ड्रायडवरचा डेटा असाच असतो. आर्काइव्हवर बरेच लेखक मूळचंच लायसन्स ठेवतात, ते फक्त आर्काइव्हला वाटायची परवानगी देतं, तुम्हाला नाही, म्हणजे त्यातली आकृती उचलून स्वतःच्या पुस्तकात लावता येत नाही. कोडसोबत लायसन्सची फाइलच नसेल तर सगळे हक्क लेखकाचे, असंच समजा.

फाइल बंद असेल तर

कधीकधी रेकॉर्ड दिसतं पण फाइल उघडत नाही, एम्बार्गो असतो, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत प्रकाशकाने अडवून ठेवलेली असते. ती तारीख त्याच पानावर असते, कॅलेंडरमध्ये टाका. तेवढा वेळ नसेल तर डीस्पेस आणि ईप्रिंट्सवर बऱ्याच ठिकाणी "प्रत मागा" असं बटण असतं, ते दाबा, विनंती थेट लेखकाकडे नाहीतर ग्रंथालयाकडे जाते. निरोपात दोन ओळी पुरतात: कशासाठी हवंय, आणि स्वीकृत हस्तलिखित चालेल. ही दुसरी ओळ गाळू नका, कारण छापील प्रत द्यायला काही लेखक प्रकाशकाच्या अटींमुळे कचरतात, पण स्वतःचं हस्तलिखित पाठवायला त्यांना बहुतेक वेळा अडचण नसते.