रिव्हर्सिबल कंप्युटिंगचं गणित शिकायचंय? मग परम्युटेशनपासून सुरू करा

रिव्हर्सिबल कंप्युटिंग म्हणजे आउटपुटवरून इनपुट परत काढता येईल, म्हणजेच उलटी चालवता येईल अशी गणना. या विषयाकडे बहुतेक जण फिजिक्समधून येतात, मीही तसाच आलो. १९६१ साली आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअर यांनी मांडलं की एक बिट पुसला की ठरावीक किमान उष्णता बाहेर पडतेच: बोल्ट्झमन स्थिरांक, तापमान आणि २ चा नैसर्गिक लॉगरिदम यांच्या गुणाकाराइतकी. आकडा मोहात पाडणारा आहे, पण गणितात रस असेल तर तिथे फार रेंगाळू नका. ‘पुसणं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न धरा.

गेट म्हणजे बिटांवर एक ठरावीक क्रिया करणारा छोटा घटक. अँड गेट दोन्ही बिट १ असतील तरच १ देतं. त्यात इनपुटच्या शक्यता चार, आउटपुटच्या दोनच. आउटपुट ० आलं तर मागे तीन शक्यता, आणि त्यांतली कोणती खरी हे आता कुणीच सांगू शकत नाही. गेट उलटवता यायचं तर फंक्शन एकास-एक हवं, म्हणजे वेगळ्या इनपुटला वेगळंच आउटपुट. जेवढ्या तारा (एका तारेवर एक बिट) आत तेवढ्याच बाहेर असल्या, की ते सरळ परम्युटेशन होतं, म्हणजे त्याच शक्यतांची नुसती जागाबदल. म्हणजे बी.एस्सी.ला शिकलेली ग्रुप थिअरी इथे थेट कामाला येते.

आता वही घ्या आणि टोफोली गेट हाताने लिहा. बिट तीन: क, ख, ग. क आणि ख दोन्ही १ असतील तरच ग उलटतो. आठ ओळींच्या तक्त्यात फक्त ११० आणि १११ यांची अदलाबदल होते, बाकी सहा जागच्या जागी. अदलाबदलींची संख्या विषम असेल तर परम्युटेशन विषम, सम असेल तर सम. इथे एकच अदलाबदल, म्हणून विषम. शेजारी चौथी तार ठेवा, जिला हे गेट हातही लावत नाही. आता ११०० ची १११० शी आणि ११०१ ची ११११ शी, अशा दोन अदलाबदली होतात. परम्युटेशन सम झालं! चार तारांवर बसवलेल्या कुठल्याही तीन बिटांच्या गेटचं हेच होतं. आणि सम परम्युटेशनं कितीही जोडली तरी विषम मिळत नाही. ‘पहिले तीन बिट १ असतील तर चौथा उलटव’ हे काम म्हणजे १११० आणि ११११ यांची एकच अदलाबदल, म्हणजे विषम. त्यामुळे हे एवढं साधं काम फक्त चार तारांवर तीन किंवा कमी बिटांच्या गेटांनी होणंच शक्य नाही. पाचवी तार उसनी घ्या, लगेच जमतं.

हा युक्तिवाद न बघता लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. कारण पुढचं बरंचसं अशाच उसन्या जागेच्या हिशेबाचं आहे.

त्यानंतर चार्ल्स बेनेट यांचं १९७३ चं काम वाचा. गणना करा, उत्तर कोऱ्या जागेत उतरवून घ्या, मग तीच गणना उलटी चालवून मधला कचरा, म्हणजे वाटेत साठलेले बिट, साफ करा. कल्पना एवढीच, पण त्यातून कुठलीही गणना रिव्हर्सिबल करता येते. जागा किती लागते हे समजायला खड्यांचा खेळ खेळा. घरं एका रांगेत; घर म्हणजे गणनेची एक पायरी, खडा म्हणजे तिचा निकाल साठवायला लागणारी जागा. पहिल्या घरात खडा केव्हाही ठेवा किंवा उचला. पुढच्या कुठल्याही घरात ठेवायला वा उचलायला आधीच्या घरात खडा हवा. तीन खड्यांत सातव्या घरापर्यंतच पोहोचता येतं, चारांत पंधराव्या. का, ते स्वतः शोधा.

क्वांटम कंप्युटिंगकडे जायचं असेल तरी हा पाया वाया जात नाही. तिथे मोजमाप सोडून गेटची प्रत्येक क्रिया उलटवता येणारीच असते, आणि बेनेट यांची कचरा साफ करण्याची युक्ती तिथे रोजच्या वापरातली आहे.