काशीचे घाट पायी कसे पाहावेत : अस्सीपासून पंचगंगेपर्यंत

काशीत दोनच दिवस असतील तर एक अख्खी सकाळ घाटांवर पायी चालण्यासाठी राखून ठेवा. टॅक्सीवाल्यांच्या यादीत ‘पंचवीस मंदिरं’ असतात. त्यांतली निम्मी दारातूनच पाहून होतात आणि उरलेला वेळ गोदौलियाच्या गर्दीत जातो. शहर नदीकडे तोंड करून बसलं आहे, म्हणून ते नदीकाठूनच कळतं.

आधी महिना ठरवा. जुलै ते सप्टेंबरमध्ये गंगा चढते, खालच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट तुटते आणि नावाही बंद होतात. दर घाटाला वर गल्लीत चढायचं आणि पुन्हा उतरायचं, यातच दम निघतो. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर राहतात. ते पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन काढायला पुढे काही आठवडे लागतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. फक्त डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्यामुळे गाड्या तासन्तास उशिरा येतात, तेव्हा परतीचं विमान आणि गाडी एकाच दिवशी जुळवू नका.

तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. ‘वाराणसी जंक्शन’ म्हणजे तिथल्या लोकांचं कँट. ‘बनारस’ म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह. ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय’ म्हणजे जुनं मुघलसराय, आणि ते गंगेपलीकडे सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. हॉटेल घाटालगत घेतलं असेल तर गाडी दारापर्यंत जात नाही. गोदौलिया किंवा मैदागिनला उतरून सामान गल्लीतून न्यावं लागतं. चाकांची मोठी बॅग तिथल्या दगडी फरशीवर आणि पायऱ्यांवर निरुपयोगी ठरते, पाठीवरची सॅकच बरी.

चालायला सुरुवात दक्षिणेच्या अस्सी घाटापासून करा, उजाडायच्या आधी. गंगा इथे उत्तरेकडे वळते आणि घाट पश्चिम काठावर आहेत, त्यामुळे सूर्य समोरच्या वाळूवरून उगवतो आणि उन्हाचा पहिला पट्टा थेट घाटांच्या भिंतींवर पडतो. तासाभरातच ऊन पांढरं होतं. घाटांची नावं भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत, त्यामुळे वाटाड्याची गरज नाही. अस्सी ते दशाश्वमेध न थांबता पाऊण तासाचा रस्ता आहे, पण दोन-अडीच तास धरा. तळाच्या ओल्या, हिरव्या पायरीवर पाय ठेवू नका, लोक घसरतात ते तिथेच. स्नान करायचं असेल तर बांधलेली साखळी धरा. शेवटच्या पायरीनंतर खोली एकदम वाढते.

अस्सीलगत भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे. वडील मोरोपंत तांबे काशीत राहणाऱ्या चिमाजी आप्पांच्या पदरी होते, म्हणून मनूचा जन्म इथला. (थोरले चिमाजी आप्पा नव्हेत, हे दुसऱ्या बाजीरावांचे धाकटे भाऊ.) पुढे तुलसी घाट, मग किल्ल्यासारखा चेतसिंह घाट. १७८१मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या शिपायांना चकवून राजा चेतसिंह इथल्याच खिडकीतून पागोट्यांचा दोर करून उतरला. हरिश्चंद्र घाटावर चिता जळत असतात. तिथे न रेंगाळता पुढे चला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पायऱ्या दिसल्या की केदार घाट आला. इथे कानावर तमिळ पडू लागते.

राजा घाट अमृतराव पेशव्यांचा, पुढे अहिल्याबाईंचा घाट, आणि त्याला लागून दशाश्वमेध. दशाश्वमेधला सकाळी थांबू नका, संध्याकाळच्या आरतीला यायचंच आहे. शेजारच्या मानमंदिर घाटावर मात्र तिकीट काढून गच्चीवर चढा. आमेरच्या मानसिंहाच्या या वाड्यावर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली, आणि बहुतेक लोक ती न पाहताच पुढे जातात. सम्राटयंत्राची, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाची, तिरकी भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे. तिचा चढ काशीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सव्वापंचवीस अंशांच्या किंचित वर. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, तीवरच्या खुणा वाचायच्या. घड्याळाशी ती जुळली नाही तर यंत्र चुकलं असं समजू नका. काशी भारतीय प्रमाणवेळेच्या रेखेच्या थोडी पूर्वेला आहे, म्हणून सावली दोन मिनिटं पुढे असते. शिवाय सूर्य वर्षभर एकाच गतीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावली घड्याळाच्या जवळजवळ अठरा मिनिटं पुढे असते, तर फेब्रुवारीच्या मध्यात बारा मिनिटं मागे.

ललिता घाटावरचं नेपाळी लाकडी मंदिर पाहिलं की पुढे मणिकर्णिका, काशीचा मुख्य स्मशानघाट. इथे कॅमेरा आणि मोबाइल खिशात. ‘वरून चांगलं दिसतं’ म्हणत कोणी गच्चीवर नेऊ लागला, तर नंतर गरिबांच्या लाकडांसाठी ‘दान’ मागितलं जातं, आणि तेही किलोच्या भावाने. ‘नहीं भैया’ म्हणा आणि चालत राहा, वाद घालू नका. चितांच्या मधून न जाता वरच्या गल्लीने वळसा घ्या. एकनाथांनी भागवताची टीका शके १४९५मध्ये याच परिसरात पुरी केली.

वळसा संपतो तिथे शिंदे घाटाशी रत्नेश्वर महादेव एका बाजूला कललेला दिसतो. मंदिर इतकं खाली बांधलं आहे की वर्षाचे कित्येक महिने गाभाऱ्यात पाणीच असतं; पाणी उतरल्यावर गाळ काढावा लागतो. हा घाट बायजाबाई शिंद्यांचा, पुढचा भोसले घाट नागपूरकरांचा. पंचगंगेला आलमगीर मशीद वर उभी आहे, आणि जवळच औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं मंदिर. बाहेरून ते वाड्यासारखं दिसतं, म्हणून विचारत जा. दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाच्या गल्ल्या जुन्या मराठी वस्तीच्या.

पाय थकले तर परत नाव घ्या, पण पंचगंगेहून अस्सीला प्रवाहाविरुद्ध जायचं असतं, वल्ह्याच्या नावेला दुप्पट वेळ लागतो. भाव ‘पूर्ण नावेचा, अमुक घाटापर्यंत’ असा बोलून घ्या. नुसता आकडा ठरवला तर उतरताना तो माणशी निघतो.

विश्वनाथाचं दर्शन याच फेरीत कोंबू नका. सध्याचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८०च्या सुमारास बांधलं. नदीकडून आत जाणारा कॉरिडॉर डिसेंबर २०२१पासूनचा. मोबाइल, कॅमेरा, इलेक्ट्रॉनिक घड्याळ आत चालत नाही. फुलवाल्याच्या ‘फुकट लॉकर’ची किंमत टोपलीत लावलेली असते, म्हणून हे सगळं खोलीवरच ठेवून निघा.

आरतीला दशाश्वमेधला पाऊण तास आधी पोचा. नावेतून पुजाऱ्यांचे चेहरे दिसतात, पायऱ्यांवरून बहुधा पाठी.

सकाळी कचौरी खा; ती आपल्या कचोरीसारखी कडक नसते, उडदाचं सारण भरलेली पुरीच ती, पानाच्या द्रोणातल्या भाजीबरोबर. थंडीत मलइयो मिळतो, दुधाचा केशरी फेस. ऊन चढलं की तो बसतो, तेव्हा दहाच्या आत शोधा.

दुसरा दिवस सारनाथला द्यायचा तर तो शुक्रवार नाही ना, हे पाहा. धामेक स्तूप त्या दिवशीही दिसेल, पण चार सिंहांचा अशोकस्तंभशीर्ष ज्या संग्रहालयात आहे ते शुक्रवारी बंद असतं.