अंगणातलं अनोळखी झाड: न्यू जर्सीत नवं घर घेणाऱ्यांसाठी

क्लोजिंग झालं, म्हणजे घराच्या खरेदीच्या शेवटच्या सह्या झाल्या, किल्ल्या हातात आल्या, दूध उतू घालून झालं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागच्या दारात उभं राहून सगळे एकच प्रश्न विचारतात: हे झाड कुठलं? इन्स्पेक्शनच्या अहवालात छपराचं वय असतं, वॉटर हीटरचं असतं, बेसमेंटमधली ओल असते. झाडाबद्दल मात्र फार तर 'फांद्या छपराला टेकल्या आहेत' एवढी एक ओळ. मला इथे येऊन 19 वर्षं झाली. ओळखीतली नवी कुटुंबं घर घेतात तेव्हा झाडाचे फोटो मला पाठवतात, आणि माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आत्ता काहीही तोडू नका.

असं सांगण्यामागे आमच्याच घराची गोष्ट आहे. आम्ही मार्चमध्ये राहायला आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक झाड होतं, जमिनीतूनच चार-पाच खोडं निघालेली, उंची पंधराएक फूट, टोकांना वाळकी बोंडं. एप्रिलमध्ये सगळी गल्ली फुलली. शेजारच्या चेरीची फुलं गळून तिला पानंसुद्धा आली. आमचं झाड मेच्या पहिल्या आठवड्यातही तसंच उघडं, काड्यांचा भारा उभा केल्यासारखं. झाडं तोडणारा माणूस आला, बघून म्हणाला, मेलंय, शनिवारी पाडतो. आम्ही हो म्हणून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या. त्यांनी एक बारीक डहाळी धरली आणि अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. आत ओला, पोपटी हिरवा रंग. त्या म्हणाल्या, हे झाड उशिरा उठतं, जूनपर्यंत थांबा. मी तेव्हाच फोन करून शनिवार रद्द केला. दहा-बारा दिवसांत लालसर कोंब फुटले. जुलैच्या शेवटी फांद्यांच्या टोकांना गुलाबी-जांभळे तुरे आले आणि मी एक फूल हातात घेतलं. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला खाली बारीक देठ, वर क्रेप कागद चुरगळल्यासारख्या चुण्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. माझं माहेर चिपळूणचं. वहाळाच्या काठी मे महिन्यात फुलणारा ताम्हण मी लहानपणापासून पाहिलाय, आणि ती चुणीदार पाकळी बोटांना लगेच ओळखता आली.

झाडाचं नाव क्रेप मर्टल. आपलं राज्यफूल ताम्हण आणि हे झाड एकाच प्रजातीतल्या सख्ख्या बहिणी. ताम्हण म्हणजे लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा, ही लॅगरस्ट्रोमिया इंडिका. नावात इंडिका असलं तरी हिची लागवड चीनमध्ये फार जुनी. आपला ताम्हण मोठा वृक्ष होतो आणि त्याला थंडी सोसत नाही. ही बर्फातून निघते, फक्त सावकाश. जाड, दालचिनी रंगाचं खोड आणि पांढरी फुलं असलेलं झाड तुमच्याकडे असेल तर ते बहुधा 'नॅचेझ' असणार. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये इंडिकाचा जपानमधल्या जातीशी संकर करून काढलेल्या वाणांपैकी ते एक. या वाणांना पानांवरची भुरी कमी लागते, म्हणून नर्सरीवाले तीच जास्त विकतात.

फुलं नसतानाही क्रेप मर्टल ओळखता येते. खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, ठिपकेदार खोड दिसतं, अगदी पेरूच्या झाडासारखं. कोवळी डहाळी दोन बोटांत फिरवून बघा, चार कडा हाताला लागतात. हिवाळ्यात टोकांना वाटाण्यापेक्षा थोडी मोठी बोंडं राहतात, उकलली की सहा फाकांची. कडक हिवाळ्यानंतर कधी कधी वरचं सगळं मरतं आणि बुडातून नवे फुटवे येतात, तेव्हाही घाई करू नका. छाटणी करायचीच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. लँडस्केपवाले सगळ्या खोडांचे शेंडे एका उंचीवर कापून टाकतात, ते करू देऊ नका. त्या जागी गाठी होतात आणि दर वर्षी लुकड्या काठ्यांचा गुच्छ फुटतो, जो फुलांच्या भाराने वाकतो.

आता इतर झाडांकडे. फुलावरून ओळखायला गेलात तर वर्षातले दहा-पंधरा दिवसच हाताशी असतात. सुरुवात डहाळीपासून करा. पानं, किंवा हिवाळ्यात पानांचे डोळे, समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक? समोरासमोर असतील तर निम्मं काम झालं. इथल्या अंगणातल्या मोठ्या झाडांपैकी जोडीने पानं असणारी मोजकीच: मेपल, अ‍ॅश, डॉगवुड, हॉर्स चेस्टनट. हाताच्या पंजासारखं कातरलेलं, लालभडक पान आणि बुटकं, पसरट झाड म्हणजे जपानी मेपल. डॉगवुडच्या पानाच्या शिरा कडेला न पोचता टोकाकडे कमानीसारख्या वळतात. ते पान आडवं धरून अलगद फाडा. दोन तुकड्यांच्या मध्ये पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताणले जातात आणि खालचा तुकडा त्यांच्यावर लोंबकळत राहतो. मुलांना हे दाखवलंत की त्यांना डॉगवुड कायमचं पाठ.

डॉगवुडही दोन तऱ्हेचे. इथला मूळचा पानं येण्याआधी किंवा पानांबरोबर फुलतो, एप्रिलअखेर-मेमध्ये, आणि त्याच्या चार पांढऱ्या 'पाकळ्यां'ना टोकाशी खाच असते. कौसा डॉगवुड पूर्व आशियातला, पानं आल्यावर महिनाभर उशिरा फुलतो, पाकळ्या टोकदार, आणि सप्टेंबरमध्ये त्याला लाल, खडबडीत, खाण्याजोगी फळं लागतात. (खऱ्या अर्थाने त्या पाकळ्या नाहीत. बोगनवेलीत असतात तशी ती रंगीत पानं. खरी फुलं मधल्या हिरव्या गोळ्यात.) या दोघांचा संकर करायचं मोठं काम रट्गर्स विद्यापीठात, म्हणजे आपल्याच राज्यात झालं. तुमच्या दारातलं झाड दोन्हींच्या मधलं वाटलं तर ते त्या संकरापैकी असू शकतं.

एप्रिलच्या सुरुवातीला पांढरंशुभ्र झालेलं, अंड्याच्या आकाराचं, रेखीव झाड पाहून सगळेच हरखतात आणि त्याला चेरी म्हणतात. जवळ जा. मासळी बाजारासारखा वास आला तर ते ब्रॅडफर्ड पेअर. चेरीच्या सालीवर आडव्या बारीक रेघा असतात आणि पानाच्या देठावर दोन टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी. पेअरला यातलं काही नाही. त्याचे हिवाळी डोळे करडे आणि लवदार, फळं बोराहून लहान, तपकिरी, आणि पानं नोव्हेंबरमध्ये सगळ्यांच्या शेवटी लाल-जांभळी होतात. हे एकच झाड असं आहे की ते सापडलं तर मी 'थांबा' म्हणत नाही. चीनमधल्या जातीतून निवडलेला हा वाण अमेरिकेच्या कृषी खात्याने 1963 मध्ये बाजारात आणला आणि उपनगरंच्या उपनगरं त्याने भरली. त्याच्या फांद्या खोडाला अरुंद कोनात, एकाच जागी दाटीने चिकटलेल्या असतात. पंधरा-वीस वर्षांत वादळात किंवा बर्फाच्या भाराने झाड मधोमध उभं चिरतं. शिवाय शेजारच्या दुसऱ्या वाणाशी परागण होऊन फळं धरतात, पक्षी बी पसरवतात आणि रिकाम्या शेतांत काटेरी रानटी पेअर माजतं. ओहायोने 2023 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली, पेनसिल्व्हेनियातही ते विकता येत नाही. त्याच्याखाली गाडी लावू नका, मुलांचा झोपाळा त्याला बांधू नका, आणि जमेल तेव्हा त्या जागी दुसरं झाड लावा.

कधी कधी एकाच झाडाला दोन तऱ्हेची पानं दिसतात आणि नवा माणूस गोंधळतो. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपण कलमी आंब्याच्या मुलखातले. झुकत्या फांद्यांची चेरी साधारण पाच-सहा फूट उंचीच्या सरळ खोडावर कलम केलेली असते आणि जपानी मेपलचं कलम बुडाशी. हापूसच्या कलमाखालून रायवळाचा फुटवा आला की तो काढतो ना, तसंच. कलमाच्या गाठीतून किंवा तिच्याखालून सरळसोट वाढणारी, वेगळ्या पानांची फांदी लगेच मुळाशी कापा, नाहीतर चार-पाच वर्षांत खुंटाचंच झाड उरेल.

झाडाला हात लावण्याआधी खोडावर काय चढलंय ते बघा. तीन-तीन पानांची, केसाळ दोरखंडासारखी वेल असेल तर ती पॉयझन आयव्ही. बिब्बा, काजू, आंबा यांच्याच कुळातली. बिब्बा उतला की काय होतं हे घरातल्या मोठ्यांना माहीत आहे, हिचंही तसंच होतं, आणि हिवाळ्यात पानं नसतानाही. उपटून जाळू तर कधीच नका, धूर फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. दारापुढचं गडद हिरव्या, चपट्या सुयांसारख्या पानांचं, लाल मऊ फळांचं झुडूप बहुधा यू असतं. आजोळी रानमेवा खाल्लेल्या आपल्या लोकांचा हात अशा फळाकडे सहज जातो. त्याचं बी आणि पानं विषारी आहेत. लहान मुलाने तोंडात घातलं तर लगेच पॉयझन कंट्रोलच्या 1-800-222-1222 या नंबरवर फोन करा.

मोबाइलवरची प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट ही अ‍ॅप्स जरूर वापरा, पण लांबून काढलेला पूर्ण झाडाचा एक फोटो देऊन उत्तर मागू नका. पानाची वरची बाजू, खालची बाजू, डहाळीवरची पानांची मांडणी, साल, फूल किंवा फळ, असे वेगवेगळे फोटो द्या आणि उत्तर डहाळीशी पडताळून बघा. इतकं करून अडलात तर रट्गर्स को-ऑपरेटिव्ह एक्स्टेन्शनला, म्हणजे विद्यापीठाच्या शेती-बागकाम सल्ला विभागाला फोन करा. न्यू जर्सीच्या काउंट्यांमध्ये त्यांची कार्यालयं आहेत आणि तिथले मास्टर गार्डनर स्वयंसेवक अशा प्रश्नांसाठीच बसतात. वीतभर डहाळी पानांसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, सुटं पान नेऊ नका.

ओळख पटली आणि तरी झाड काढायचंच ठरलं, तर आधी टाउनशिपला विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी ठरावीक जाडीच्या पुढचं झाड पाडायला परवाना लागतो आणि बदल्यात नवं लावावं लागतं. तुमच्या वसाहतीत घरमालकांची असोसिएशन असेल तर तिची परवानगी वेगळी. नवं लावण्यासाठी खड्डा खणायचा असेल तर त्याआधी कामाचे तीन दिवस राखून 811 ला फोन करा. ते फुकट येऊन गॅसच्या आणि विजेच्या लाइनी जमिनीवर रंगाने आखून देतात. आणि झाड कुंपणाजवळ असेल तर ते कोणाचं, हे क्लोजिंगच्या कागदांतल्या सर्व्हेच्या नकाशावरून ठरवा, अंदाजाने नको.

त्याच नकाशाची एक प्रत मी काढून घेतली आहे. तिच्यावर प्रत्येक झाडाच्या जागी गोल करून नाव, पहिलं पान दिसल्याची तारीख आणि पहिल्या फुलाची तारीख लिहिते. खिडकीसमोरच्या गोलात 'क्रेप मर्टल' लिहिलंय, आणि खाली कंसात 'ताम्हणाची बहीण, मेमध्ये घाबरू नये'.