आजोबांच्या रायफलीवर नाव नाही? कारागीर असा शोधायचा

ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या जुन्या मालगुजारी वाड्यात अजूनही एखादी लायसनची शिकारी रायफल असते, घरचे म्हणतात "विलायती हाय", पण बनवली कोणी ते कोणालेच माहीत नसते. शोधता येते भाऊ, फक्त घाई नको.

आधी बोल्ट (मागचा सरकता खटका) उघडून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, अन् मॅगझिन रिकामं आहे का ते डोळ्यानं पहा, बोटानं चाचपा, अन् हे सगळं ज्याच्या नावानं लायसन आहे त्याच्यासमोरच. पॉलिश पेपरला हात नका लावू. माझ्या मामानं एका दुकानात नळी चमकवून आणली, दुकानदारानं छापे सपाट घासून टाकले, अर्धी ओळख तिथंच गेली, अजून जीव हळहळते.

नळीवर कलकत्त्याच्या रॉडा किंवा लायन अँड लायनचं नाव असलं तरी लगेच मानू नका, ते बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असते, बनवणारा वेगळाच. तसंच जर्मनीच्या मॉझर कंपनीची अ‍ॅक्शन, म्हणजे गोळी भरायची-उडवायची यंत्रणा, दिसली म्हणजे रायफल जर्मन असं नाही, कारण रिग्बीसारखे इंग्रज कारागीर मॉझरच्याच अ‍ॅक्शनवर रायफली बांधत.

खरी गोष्ट सांगतात ते नळीच्या बुडाशी असलेले टेस्टिंगचे, म्हणजे नळी गोळीचा दाब सोसते का ते तपासल्याचे, बारीक छापे. मुकुटाखाली बीपी, बीव्ही असेल तर बर्मिंगहम, मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेलं जीपी असेल तर लंडन, मुकुटाखाली बीएनपी असेल तर नळीची टेस्ट 1954 नंतरची, अन् मुकुटाखाली नुसतं यू किंवा जी असेल तर जर्मनी. जर्मन नळीवर "4 26" असे आकडे सापडले तर ते एप्रिल 1926 समजा. पण हे टेस्ट कुठं झाली ते सांगते, बनवणाऱ्याचं नाव नाही सांगत. छापा पुसट असेल तर त्यात खडू घासा, टॉर्च आडवा धरा, मग मोबाईलनं फोटो काढा, अक्षर कसं उठून येते ते पहा.

सगळ्यात जास्त माल लाकडाच्या आत दडलेला असते. दस्ता सोडवायचं काम लायसनवाल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या, नळीच्या पोटाखाली कारागिराची आद्याक्षरं अन् नंबर असू शकतात, बटप्लेटच्या (दस्त्याच्या टोकाच्या पट्टीच्या) मागं कधीकधी पेन्सिलनं लिहिलेलंही सापडते. मामाच्या रायफलीत नळीखालचा अन् बोल्टचा नंबर एकच निघाला, म्हणजे जोडी मूळचीच.

नंबर हाती आला की फोटोसकट इंग्लंडच्या कंपनीला लिहा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्यांत नंबरावरून रायफल कधी अन् कोणाला दिली ते पाहता येते.